परवान्याचे स्थान : मराठी संगणकलेखनाच्या इतिहासातील एक प्रकरण

१

मराठी लेखन संगणकावर कसे आले याचा विचार करताना सामान्यतः तीन गोष्टींकडे लक्ष जाते : कळफलकाची रचना, अक्षरांना दिलेले संकेतांक आणि पडद्यावर वा कागदावर उमटणारे अक्षराचे रूप. या तीनही गोष्टींचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि यांच्या जोडीस आणखी एक प्रश्न आहे. ज्या प्रणालीच्या साहाय्याने हे लेखन झाले, ती वापरण्याचा परवाना कोठे ठेवलेला होता? वरवर पाहता हा प्रश्न विक्रेत्याचा व तंत्रज्ञाचा वाटेल. भाषेच्या अभ्यासकाला त्याचे सोयरसुतक काय, असेही कोणी विचारील. परंतु १९९० नंतरच्या दशकात पुण्यात टंकलिखित झालेले प्रबंध, नियतकालिकांचे अंक व ग्रंथांच्या मुद्रणप्रती यांच्या मूळ संगणकीय संचिका आज जो उघडू पाहील, त्याला पुष्कळदा पडद्यावर रोमन अक्षरे आणि स्वरचिन्हांकित परकीय वर्ण यांचा अर्थहीन गुंता दिसेल. छापील प्रत हाती असेल तर ती वाचता येते. मात्र तिच्यावरून शब्दसूची करता येत नाही, प्रयोग शोधता येत नाहीत, पाठांची तुलना करता येत नाही. वाङ्मयाच्या वा भाषेच्या अभ्यासकाची ही हानी लहान नव्हे.

या हानीचे कारण 'फाँट हरवला' एवढेच सांगितले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते अर्धेच कारण आहे. प्रणालीचा परवाना कडक असल्याने मजकूर अडकत नाही. परवाना आणि मजकुराचा संकेत ही दोन्ही एकाच हाती असली म्हणजे तो अडकतो. पुण्याच्या इतिहासात या विधानाच्या दोन्ही बाजूंचे पुरावे उपलब्ध आहेत, आणि ते एकमेकांशेजारी ठेवून पाहणे हाच या लेखाचा हेतू आहे.

२

परवाना जपून ठेवण्याचा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. 'सनद' हा मूळचा अरबी शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ आधार, टेकू असा आहे. हक्क हा एक पदार्थ आणि त्याला उभा धरणारा कागद हा दुसरा, ही जाणीव त्या शब्दातच आहे. मराठी राज्यातील कागदपत्रांत हा टेकू बळकट करण्याचे जे उपाय दिसतात ते मोठे विचारपूर्वक योजलेले आहेत. आरंभी शिक्का, शेवटी मोर्तब. मोर्तबेचे काम विशेष लक्षात घेण्यासारखे आहे : मजकूर येथे संपला, यापुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये, एवढेच ती सांगते, म्हणून तिच्यात 'लेखनसीमा' यासारखे शब्द आढळतात. कागदाला कागद डकवून लांब वळी केली असेल तर जोडांवरही शिक्का उठवीत, म्हणजे मधलाच तुकडा बदलण्याची सोय राहू नये. 'शिक्कामोर्तब होणे' हा वाक्प्रचार आपण आज सहज वापरतो, पण त्यामागे दोन वेगळ्या मुद्रा व दोन वेगळी कामे होती याचे भान राहिलेले नाही.

सनद वतनदाराच्या घरी राही आणि तिची नोंद सरकारी दफ्तरात होई. दोन्ही जागी पुरावा असल्याने एक नष्ट झाला तर दुसऱ्यावर भिस्त ठेवता येई. दोन्ही नष्ट झाले अथवा वादग्रस्त ठरले, तर गोतसभा बसे, जाणते लोक साक्ष देत आणि महजर होई. अर्थात कागद गेला म्हणून हक्क तत्काळ बुडत नसे. समाजाची स्मृती हा तिसरा टेकू होता.

हा इतिहास येथे उपमेसाठी आणलेला नाही. परवाना देणाऱ्यापुढे दोन शतकांपूर्वी जे पेच होते तेच संगणकप्रणाली विकणाऱ्यापुढे आले : लिहिलेले इतरांना वाचता यावे पण बदलता येऊ नये, दुसऱ्याच्या नावाचा कागद तिसऱ्याने दाखवू नये, आणि कागद गहाळ झाल्यास खऱ्या धारकाचे काय करावे, याचा काही निर्णय असावा.

३

संगणकप्रणालीच्या परवान्यात मुख्यतः चार गोष्टी असतात : धारकाचे नाव अथवा क्रमांक, प्रणालीची कोणती अंगे वापरण्यास मुभा आहे त्याची नोंद, मुदत, आणि कोणत्या यंत्रावर ती चालावी याची खूण. शेवटच्या खुणेची यंत्राशी गाठ घालून देणे यालाच सक्रियीकरण, बोलीत ॲक्टिव्हेशन, म्हणतात. हा मजकूर काही ओळींचा असतो. अडचण त्याच्या लांबीची नाही. तो ठेवायचा कोठे, ही आहे. कारण ज्या यंत्रावर तो ठेवावा त्या यंत्राचा संपूर्ण ताबा ज्याच्यावर विश्वास नाही त्याच वापरकर्त्याकडे असतो.

प्रणाली स्थापन झाली त्याच फोल्डरमध्ये परवान्याची संचिका ठेवणे हा सर्वांत साधा मार्ग. पण तो फोल्डर उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवला की परवानाही गेला. शिवाय २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून सामान्य वापरकर्त्याला त्या जागी लिहिण्याची मुभाच उरली नाही. विंडोजची 'रजिस्ट्री', म्हणजे सर्व प्रणालींच्या मांडणीची सामाईक वही, ही दुसरी जागा. तेथील नोंद सहजासहजी दृष्टीस पडत नाही, परंतु विंडोज नव्याने घातले की तीही पुसली जाते. एका वापरकर्त्याच्या खाजगी जागेत नोंद ठेवावी तर त्याच यंत्रावर दुसऱ्या कारकुनाने काम सुरू करताच प्रणाली परवाना मागते. सर्वांच्या सामाईक जागेत ठेवावी तर ती वाचण्याची व कदाचित बदलण्याचीही मुभा सर्वांना. मुदतीची गोष्ट आणखी गमतीची आहे. प्रणाली पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेवते, तर वापरकर्ता यंत्राचे घड्याळ मागे नेतो; म्हणून शेवटच्या वापराचीही तारीख लिहावी लागते, आणि घड्याळ तिच्याही मागे गेले असेल तर संशय घ्यावा लागतो. रोजकीर्दीत मागील तारखेची नोंद घुसडण्याचे प्रकार ज्यांना ठाऊक आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

परवाना गुप्त लिपीत लिहून ठेवावा, हा उपाय प्रथम सुचतो, परंतु त्यात एक मूलभूत दोष आहे. तो वाचण्याची किल्ली प्रणालीच्या पोटातच ठेवावी लागते, आणि प्रणाली तर वापरकर्त्याच्या हातात असते. विंडोज २००० पासून अशी किल्ली वापरकर्त्याच्या खात्याशी अथवा त्या यंत्राशी बांधून ठेवण्याची सोय झाली. तिने संचिका उचलून दुसरीकडे नेणे अवघड होते, पण मूळ दोष जात नाही. खरा उपाय मोर्तबेच्या जातीचा आहे. १९७७ साली रिव्हेस्ट, शामीर व ॲडलमन या तिघांनी जी पद्धती सिद्ध केली, तिच्यात किल्ल्या दोन असतात : एकीने सही होते, दुसरीने ती पडताळता येते. सहीची किल्ली देणाऱ्याच्या कपाटात राहते. पडताळणीची किल्ली प्रणालीबरोबर सर्वत्र जाते. परवाना उघड अक्षरांत लिहिला तरी बिघडत नाही. कोणी एक आकडा बदलला की सही जुळत नाही. लपवण्यापेक्षा सीमा आखणे अधिक टिकाऊ, हे आपल्या जुन्या चिटणिसांना उमगले होते असे म्हणण्यास हरकत नसावी.

४

आता पुण्याकडे वळू. भारतीय लिप्यांसाठीचे 'जिस्ट' तंत्र मुळात कानपूरच्या आयआयटीत विकसित झाले. १९८३ साली दिल्लीस भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तेथील देवनागरी संगणक लोकांपुढे मांडण्यात आला होता. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक या संस्थेची स्थापना झाली आणि जिस्टचे काम तिच्याकडे आले. तिने तयार केलेले जिस्ट कार्ड संगणकाच्या आत बसवावे लागे. ते बसवले की वर्डस्टार, डीबेस यांसारख्या मूळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉस प्रणालींत देवनागरी उमटू लागे.

परवान्याच्या दृष्टीने पाहता ही व्यवस्था अत्यंत कडक होती. काना, मात्रा, जोडाक्षर यांची जुळणी करण्याचे ज्ञान कार्डावरच्या परिपथांत होते. कार्ड एक, तर यंत्र एक. फ्लॉपीवर त्याची नक्कल होत नसे. वेगळा परवाना लिहून ठेवण्याची गरजच नव्हती; धातूचा व प्लॅस्टिकचा तो तुकडा हाच परवाना. आणि तरीही या काळातील मजकूर वाचला. याचे कारण असे की कार्ड मजकूर ज्या संकेतात लिही तो 'इस्की' संकेत कोणा एका विक्रेत्याची मालमत्ता नव्हता. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तो आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध केला. त्याचा तक्ता कोणीही वाचावा आणि त्यावरून उलगडा करावा, अशी ती व्यवस्था होती. इस्कीत अक्षर उच्चाराच्या क्रमाने नोंदले जाई : 'कि' लिहिताना प्रथम क, मग ऱ्हस्व इकार, डोळ्यांना उलटे दिसले तरी. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला या एका निर्णयाचे मोल वेगळे सांगण्याची जरुरी नाही.

पुरावा आपल्या दाराशीच आहे. १९९१ मध्ये केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाच्या प्रकल्पात भारतीय भाषांचे सुमारे तीस लाख शब्दांचे एकेक संकलन करण्याचे ठरले, तेव्हा मराठी व गुजरातीचे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे आले. हे संकलन इस्कीत झाले. पुढे ते म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाकडे गेले आणि युनिकोडमध्ये रूपांतरित होऊन इंग्लंडमधील लँकॅस्टर विद्यापीठाच्या सहकार्याने जगभरच्या अभ्यासकांना उपलब्ध झाले. ज्या कार्डांवर ते टंकलिखित झाले त्यांचे आज काय झाले असेल याची कोणाला फिकीर करावी लागली नाही. परवाना यंत्राच्या पोटात होता, पण भाषा सार्वजनिक तक्त्यात होती.

५

विंडोजच्या प्रसाराबरोबर हे चित्र पालटले. पडद्यावर हवे ते अक्षररूप उमटवण्यास आता कार्डाची जरुरी राहिली नाही. फाँटची एक संचिका पुरे झाली. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकची आयएसएम, बंगळूरच्या सायबरस्केपची आकृती या प्रणाली घरोघरी नव्हेत तरी पेठापेठांतील डीटीपी केंद्रांत व छापखान्यांत पोहोचल्या. त्यांनी मराठी मुद्रणाचे केलेले काम थोर आहे. खिळे जुळवण्याचा श्रम गेला, आणि सुबक अक्षरांचे असे वैविध्य मिळाले की तसे मराठीने पूर्वी पाहिले नव्हते. येथे जे म्हणावयाचे आहे ते या उपकाराची जाणीव ठेवूनच.

फाँटच्या एका संचिकेत त्या काळी २५६ जागा असत, आणि त्यांतल्या वापरण्याजोग्या दोनशेच्या आसपास. देवनागरीतील सर्व जोडाक्षरे त्यांत मावत नाहीत. म्हणून अक्षरांचे तुकडे केले गेले : अर्धा क, उभा दंड, रफार, निरनिराळ्या लांबीच्या वेलांट्या. छापखान्याच्या केसमधील खिळ्यांप्रमाणेच हे झाले. कोणता तुकडा कोणत्या जागी बसवायचा हे मात्र प्रत्येक विक्रेत्याने आपापल्या सोयीने ठरवले. एकाच 'क'चा आकडा एका प्रणालीत एक, दुसरीत दुसरा. शिवाय नोंदीचा क्रम उच्चाराचा राहिला नाही, डोळ्यांना दिसतो तो झाला. 'कि' मध्ये आधी वेलांटी, मग क. 'र्म' मध्ये आधी म, मग रफार. या संचिकेत भाषा नाही, भाषेचे चित्र आहे.

हे तुकडे जुळवणारी प्रणाली परवान्याने बांधलेली होती. तिच्या अनेक आवृत्त्यांबरोबर एक डोंगल येत असे. संगणकाच्या मागे प्रिंटरसाठी जो पंचवीस टाचण्यांचा फाटा असे, त्यात ते बसवायचे आणि त्याच्या पाठीवर प्रिंटरची तार. ही युक्ती पुण्याची नव्हे. १९८० साली 'वर्डक्राफ्ट' या लेखनप्रणालीबरोबर असे कुलूप प्रथम आले. लेखनाच्याच प्रणालीपासून या कुलपाचा आरंभ व्हावा, हा योगायोग नमूद करण्यासारखा आहे. त्याचे काम असे : प्रणाली अधूनमधून एक आकडा विचारी, डोंगल आपल्या आतील रचनेनुसार उत्तर देई, उत्तर चुकले किंवा आलेच नाही तर प्रणाली थांबे. परवान्याचा तपशील, म्हणजे अनुक्रमांक आणि कोणकोणत्या भाषा व फाँट खुले आहेत ते, डोंगलमधील छोट्या स्मृतीत ठेवता येई. हार्ड डिस्क बदलली, विंडोज नव्याने घातले, यंत्र विकून दुसरे आणले, तरी डोंगल काढून नव्या यंत्राला लावले की काम सुरू. छापखान्याच्या मालकाला हे सोयीचे होते. परवाना हातात धरता येत होता, कपाटात कुलूपबंद करता येत होता. गहाळ झाला तर मात्र सनद बुडालीच, आणि तेथे गोतसभा नव्हती.

येथे एक सूक्ष्म भेद केला पाहिजे, नाहीतर विक्रेत्यांवर अन्याय होईल. फाँटची संचिका बहुधा विंडोजच्या सामाईक फोल्डरमध्येच असे. डोंगल नसतानाही, फाँट यंत्रावर असेल तर, मजकूर पडद्यावर दिसे. अडे ते पुढे. नवा मजकूर टंकलिखित करणे, शब्द शोधणे, अकारविल्हे लावणे, एका संकेतातून दुसऱ्यात नेणे या सर्व क्रियांना तुकड्यांचा तक्ता जाणणारी प्रणालीच लागे. तक्ता विक्रेत्याकडे, रूपांतराचे साधन त्याच्या प्रणालीत, आणि प्रणाली डोंगलच्या पाठीशी. सी-डॅकने आपल्या फाँटांसाठी 'इस्फॉक' हा एक संकेत ठरवला होता, परंतु तो बाजाराचा सर्वमान्य नियम झाला नाही. परिणामी ज्याने प्रणालीचा परवाना घेतला होता त्याला, न कळत, स्वतःच्याच मजकुरासाठीही तोच परवाना लागू लागला. लेखकाने ग्रंथ लिहिला, छापखान्याने जुळवला, आणि जुळणीची संचिका ज्याच्या डोंगलवर झाली त्याच्या डोंगलपाशी राहिली. छापखाना बंद झाल्यावर दुसरी आवृत्ती काढण्यासाठी पहिलीची छापील प्रत पुढे ठेवून ग्रंथ पुन्हा टंकलिखित करवून घ्यावा लागतो, हा प्रकार पुण्याच्या प्रकाशकांना नवा नाही.

पुढे संगणकावरील प्रिंटरचा तो जुना फाटाच नाहीसा झाला. यूएसबीची कुलुपे आली, पण जुन्या कुलपांच्या जागी नवी मिळण्यासाठी विक्रेता, त्याची नोंदवही व ती विशिष्ट आवृत्ती ही तिन्ही हयात असावी लागली.

६

२००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीबरोबर सक्रियीकरण सक्तीचे केले आणि परवान्याचे स्थान पुन्हा बदलले. यंत्राच्या दहा अवयवांच्या खुणा घेऊन त्यांचा संक्षेप करावयाचा, तो उत्पादन-क्रमांकाशी जोडून मायक्रोसॉफ्टला कळवावयाचा, आणि आलेले उत्तर यंत्रावरच एका छोट्या संचिकेत जपून ठेवावयाचे. इंटरनेट नसेल तर पन्नास अंकी आकडा दूरध्वनीवर वाचून दाखवावा लागे. तीस दिवसांत हे न केल्यास दार बंद. एखाददुसरा अवयव बदलला तर चाले. बरेच बदलले की पुन्हा विचारणा होई. हक्काचा अर्धा भाग धारकाच्या घरी, अर्धा देणाऱ्याच्या दफ्तरात, अशी ही विभागणी. जुन्या विभागणीशी तिचे साम्य वरवरचे आहे. तेथे दोन्ही जागी संपूर्ण नोंद असे आणि एक दुसरीला आधार देई. येथे दोन्ही अर्धे जुळल्याखेरीज कशालाच अर्थ नाही.

पुण्यातच या पद्धतीचे एक उदाहरण आहे. कैलाश व संजय काटकर या बंधूंच्या उद्योगातून निघालेली क्विक हील ही विषाणुरोधक प्रणाली. खोक्यातून मिळणारा उत्पादन-क्रमांक घालून ती सक्रिय करावयाची व मुदत संपली की नूतनीकरण करावयाचे, अशी तिची रीत. या बाबतीत तक्रारीला जागा दिसत नाही. विषाणूंची ओळख रोज बदलते, तेव्हा प्रणालीने रोज विक्रेत्याच्या घरी जाणे हे तिच्या कामाचाच भाग आहे. मुदत संपल्यावर वापरकर्त्याचे स्वतःचे काहीही आत अडकून राहत नाही. प्रत्येक परवाना त्याच्या कामाच्या जातीवरून तोलला पाहिजे. लेखनाच्या प्रणालीत माणसाचे लिहिलेले असते. म्हणून तिला पहारेकऱ्याचा नियम लावणे योग्य नव्हे.

दफ्तर देणाऱ्याकडे असले आणि पुराव्याचा भार घेणाऱ्यावर असला म्हणजे काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राने एकोणिसाव्या शतकात घेतला आहे. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन खाणाऱ्यांना सनदा दाखवण्याचा हुकूम झाला. इनामदाराच्या पेटीतील कागद पेशवे दफ्तरातील नोंदीशी ताडून पाहिला जाई; हेच दफ्तर इंग्रजी अमदानीत 'एलिएनेशन ऑफिस' म्हणून ओळखले जाऊ लागले. ज्यांच्या सनदा वाळवीने खाल्ल्या होत्या, लुटीत गेल्या होत्या, किंवा ज्यांची दफ्तरात नोंद सापडत नव्हती, त्यांची वहिवाट कितीही जुनी असो, ती डळमळली. असंतोष इतका झाला की १८५७ नंतर हे काम आवरते घ्यावे लागले, आणि १८६३ च्या दोन कायद्यांनी, थोडा ठराविक सारा भरल्यास चौकशीशिवाय इनाम कायम करण्याची सरसकट तडजोड झाली.

हुबेहूब अशी तडजोड संगणकाच्या जगातही घडली आहे. ॲडोबी कंपनीच्या क्रिएटिव्ह सूटच्या दुसऱ्या आवृत्तीत, जिच्यात पानजुळणीची इनडिझाइन ही प्रणाली होती, सक्रियीकरण होते. पुढे ते सेवा देणारे यंत्र कंपनीने बंद केले. ज्यांनी पैसे मोजून परवाना घेतला होता त्यांना विंडोज नव्याने घातल्यावर ती सक्रिय करण्याचा मार्गच उरला नाही. अखेर २०१३ च्या जानेवारीत सक्रियीकरण न लागणाऱ्या प्रती व त्यांचे क्रमांक कंपनीने उपलब्ध केले. जुन्या धारकांसाठीच ते आहेत असा खुलासाही केला. येथे देणारा हयात होता व तडजोडीस तयार होता. लहान विक्रेत्याच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही.

७

कायद्याने या प्रश्नाकडे कसे पाहिले ते थोडक्यात सांगतो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक-आज्ञावलीचा समावेश झाला. १० मे १९९५ पासून अमलात आलेल्या १९९४ च्या दुरुस्तीने एकीकडे चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवसांची कैद ठेवली आणि दुसरीकडे कायदेशीर धारकाला हानी व नाश यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा कलम ५२ मध्ये दिली. ही मुभा कागदावर उदार आहे. डोंगलची राखीव प्रत होत नसल्याने व्यवहारात ती अर्धीच राहते. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले आणि असे कुलूप हक्कभंगाच्या हेतूने मोडणे हा गुन्हा ठरला. मात्र कायद्याने स्पष्टपणे न निषेधिलेल्या हेतूसाठी ते उघडण्यास त्याच कलमात वाट आहे. दुसऱ्यासाठी उघडून देणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता व हेतू यांची संपूर्ण नोंद ठेवली पाहिजे एवढीच अट. दफ्तर येथेही सुटत नाही. ग्रंथालयांनी व विद्यापीठीय विभागांनी या वाटेचा कितपत उपयोग करता येईल हे विधिज्ञांकडून समजून घेणे अगत्याचे आहे.

८

युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा विभाग होता आणि तो १९८८ च्या इस्कीवर आधारलेला होता. विंडोज २००० मध्ये त्याचा आधार मिळाला, आणि २००५ मध्ये केंद्र शासनाने प्रथम तमिळ व नंतर हिंदीच्या फाँट व साधनांच्या चकत्या विनामूल्य वाटण्यास आरंभ केला. मराठी लिहिण्यासाठी परवाना लागण्याचा काळ संपला. शोभेच्या अक्षरांना व मुद्रणाच्या प्रणालींना परवाने आजही आहेत आणि असावेत. पण त्यांच्यामागे भाषा अडकलेली राहत नाही.

जुन्या मजकुराचे रूपांतर मात्र उरले आहे, आणि ते वाटते तितके यांत्रिक नाही. ज्यांच्यापाशी मूळ प्रणाली व तिचा परवाना चालू स्थितीत आहे त्यांना विक्रेत्याच्याच तक्त्याने काम करता येते. इतरांना फाँटची चित्रे पाहून तक्ता स्वतः रचावा लागतो. मराठीच्या बाबतीत अशा तक्त्यांची कसोटी रकारावर लागते. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन शब्द घ्या : पहिला गुरूला उद्देशून, दुसरा स्वयंपाक्याला. तसेच 'दर्या' आणि 'दऱ्या'. हा भेद मराठीत पाळला जातो. हिंदीसाठी रचलेल्या तक्त्याला त्याची कल्पना नसते. तुकड्यांच्या फाँटमध्ये रफार हा एक तुकडा, य-च्या नंतर नोंदलेला. आणि य-च्या आधी येणारी रकाराची आडवी रेघ हा दुसराच तुकडा. तक्ता रचणाऱ्याने दुसऱ्याला नुसता 'पाय मोडलेला र' मानले की रूपांतरात दोन्ही एक होतात आणि आचारी गुरुपदाला पोहोचतो. बरे, भेद ओळखला तरी तो लिहिण्याच्या दोन रीती युनिकोडमध्ये चालू आहेत : इस्कीच्या परंपरेने 'ऱ' या स्वतंत्र वर्णापुढे हलन्त चिन्ह, किंवा साध्या 'र'पुढे हलन्त व त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, शोध घेताना मात्र एकीचा शब्द दुसरीला सापडत नाही. म्हणून 'सुऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर', 'शेतकऱ्यांनी' यांसारख्या रूपांची गणना ज्यांना करावयाची आहे त्यांनी आपल्या संकलनातील प्रत्येक संचिका मूळ कोणत्या फाँटमधून व कोणत्या तक्त्याने आली याची नोंद प्रथम मिळवावी. ती नसेल तर नमुन्याची काही पाने छापील प्रतीशी अक्षरशः ताडून पाहावीत आणि मगच आकडे मांडावेत.